असोला नारळ परत आला : वाशिष्ठीसोबत चार दिवस

चिपळूण माझं आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं दुपारभर वाशिष्ठीत डुंबायचो आणि मामा काठावरून ओरडायचा, "मशीन सुटली असंल, वर या!" मशीन म्हणजे वर पोफळी-अलोऱ्याची वीजनिर्मिती, ती सुरू झाली की गुडघ्याएवढं पाणी बघता बघता कंबरेला लागायचं. आता त्याच ठिकाणी मामाच्या नातवंडांना कोणी उतरू देत नाही, अंगाला खाज येते म्हणतात. यंदा शिमगा झाल्यावर कॉलेजला चार दिवस जोडून सुट्टी मिळाली तेव्हा ठरवलं की ही नदी एकदा वरपासून खालपर्यंत नीट बघायचीच. मी केमिस्ट्री शिकवते, माझी मैत्रीण मायक्रोबायोलॉजी, आणि गाडी चालवायला मामेभाऊ. सामान म्हणजे टीडीएसचं पेन (पाण्यात क्षार वगैरे किती विरघळलेत ते लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवतं), पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायच्या बाटल्या नि त्याची रसायनं, आणि गावोगाव विहिरी तपासायला वापरतात त्या एच-टू-एसच्या पंधरा छोट्या बाटल्या. त्यात पाणी भरून ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर त्या पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असायची दाट शक्यता. एवढंच, काही मोठी लॅब नव्हती.

दिवस पहिला : तिवरे, मग अवजल

सकाळी तिवऱ्याला पोचलो. इथलं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. आम्ही गाडीतून उतरलो आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. तिथून पुढे एका पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओहोळाच्या, कडेकडेने वर चढत गेलो. मार्चचा शेवट, पाणी बारीक झालेलं पण होतं, जांभळाच्या मुळांखालून सरकत एका कातळाच्या खोलगटात साचलेलं, तळाचा प्रत्येक दगड दिसत होता आणि पाण्यावर ते लांब पायांचे किडे सुरसुर धावत होते. पेन बुडवलं तर टीडीएस चाळीशीतच घुटमळला. म्हणजे पावसाचं पाणी डोंगराने पोटात धरून ठेवलेलं, आणि आता हळूहळू सोडतोय, त्यात दुसरं काही मिसळलेलंच नाही.

पण आणखी वर गेलो तर पुढचा उतार काळा. वणवा. त्याच्या बाजूच्या डोंगराला तर नुसते बुंधे उरलेले, मध्ये एक ट्रक जाईल एवढा रस्ता खोदलेला. रत्नागिरी जिल्ह्यातलं जंगल जवळजवळ सगळं खाजगी मालकीचं आहे, सरकारी फारच थोडं, त्यामुळे ज्याला पैशाची नड लागते तो लाकडाचा व्यवहार करून मोकळा होतो आणि त्याला तरी काय बोलायचं, त्याच्या पोरीचं लग्न असतं नाहीतर आजारपण असतं. पण इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो. उघड्या तांबड्या मातीवर तो पडला की माती थांबणार कशी? मामेभावाने त्या उतारावरचं एक ढेकूळ उचललं, चुरडलं आणि खोलगटात टाकलं. अख्खं पाणी चहासारखं झालं, आणि आम्ही डबा खाऊन होईपर्यंत, म्हणजे निदान वीस मिनिटं, ते निवळलं नाही.

दुपारी अलोऱ्याकडे उतरलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोयना नदी निघते महाबळेश्वरला आणि तिचं पाणी खरं म्हणजे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, पण धरणात अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला आणतात, वीज करतात, कोळकेवाडीला पुन्हा अडवून परत वीज करतात आणि मग वाशिष्ठीत सोडतात. यालाच अवजल म्हणतात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने असं पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, गुणाकार करून बघा. म्हणून कोकणातल्या बाकीच्या नद्या शिमग्यापर्यंत डबकी होतात आणि वाशिष्ठी मात्र वैशाखात पण वाहती असते. हात घातला तर गार, स्वच्छ, वास नाही. इतकं चांगलं पाणी फुकट समुद्राला जातं म्हणून सगळे हळहळतात. मी पण हळहळायचे, पण तिसऱ्या दिवशी कळलं की ते पूर्ण फुकट जात नाही.

रात्री मामाकडे. मामाचं घर गावात नाही, शहराबाहेर वाडीत आहे, जांभ्याचं, मागे चढावर काजू. मैत्रिणीने सहज मागच्या विहिरीचं पाणी पण एका बाटलीत भरलं, नंबर ४. मामा हसला, "आमच्या इहिरीला काय धाड भरलीय? चाळीस वर्षं पितोय."

दिवस दुसरा : शहरातून

हा दिवस मला लिहायला जड जातोय कारण हे माझंच गाव आहे.

बाजारपेठेत अजून काही भिंतींवर २०२१ च्या पुराची रेघ दिसते. २२ जुलै. वर घाटात ढगफुटीसारखा पाऊस, नदीत जागोजाग गाळ भरलेला, आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे खाडीला उधाण, खालून समुद्र पाणी घेईना नि वरून नदी थांबेना. मामाचं दुकान होतं तेव्हा, पोटमाळ्यावरचा माल पण भिजला. त्यानंतर गाळ काढा म्हणून गावाने मोठं आंदोलन केलं, गाळ निघाला पण बराच. बरं झालं. पण तो गाळ म्हणजे कालच्या त्या डोंगरावरचं ढेकूळ, आणि हायवेच्या चौपदरीकरणात परशुराम घाट कापला तिथली माती, ती दर पावसाळ्यात परत येणारच की. नदीतून काढतोय आणि डोंगरावरून सोडतोय असं चाललंय.

शिवनदी गावाच्या मधून येऊन वाशिष्ठीला मिळते. तिच्या काठाने चालत गेलो. घरांच्या मागच्या बाजूला पीव्हीसीचे पाइप, मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी सरळ नदीत, आणि बऱ्याच ठिकाणी शौचाच्या टाकीचा वरचा पाइप पण. कोणी वाईट माणसं नाहीत ही, आमच्याच ओळखीची, एका काकूंनी तर बोलावून कोकम सरबत दिलं. त्या म्हणाल्या, "आमचं एकट्याचं कितीसं ग जातं."

तिथेच पुलाखाली ऑक्सिजनची टेस्ट केली. विंकलरची जुनी पद्धत आहे, १८८८ सालची, आणि मला ती फार आवडते कारण डोळ्यांनी दिसते. बाटलीत हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेलच तर साका पांढराफटक. काल अलोऱ्याच्या पाण्यात साका विटकरीसारखा गडद आला होता. शिवनदीत आला फिकट पिवळसर, पातळ चहाला दूध जास्त झाल्यावर होतो तसा. आणि जिथे एक मोठं गटार येऊन मिळतं त्याच्या तोंडाशी घेतलं तर पांढरा. बाटली हातात धरून मी उभी राहिले. या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काहीच नाही. अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे, लिटरला निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) ३ च्या आत, आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू ५०० च्या आत. माप कागदावर आहे आणि पाइप नदीवर आहेत.

संध्याकाळी गोवळकोटला जाऊन उद्याची होडी ठरवली. करंजेश्वरीला नमस्कार केला.

दिवस तिसरा : बारा नारळ

पहाटे मैत्रिणीने मला न्हाणीघराकडे बोलावलं आणि बाटली नंबर ४ दाखवली. काळी. अगदी शाईसारखी. मामाची विहीर. मी म्हटलं लगेच सांगूया, ती म्हणाली एका बाटलीवर नाही बोलायचं, हात लागला असेल, बूच नीट नसेल. मग दोरीला गरम पाण्यातून काढलेलं भांडं बांधून आणखी दोन बाटल्या भरल्या आणि गप्प राहिलो. प्यायचं पाणी तेवढं मी मामीला सांगून उकळायला लावलं, पोट बिघडलंय म्हणून. खोटं बोलले, पण लावलं.

होडीवाले तात्या भोई, वय सत्तरीच्या पुढे असेल. मी विचारलं भरती किती वाजता, तर मोबाईलकडे बघितलं पण नाही. "आज दशमी. धाची पाऊणपट, साडेसात. ती झाली दाभोळला. हितं वर यायला तास-दीड तास धरा." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब इथे लहान पोरांना पण येतो. दशमी म्हणजे भांगाचं पाणी, ओढ कमी, आणि आम्हाला तेच हवं होतं.

कारण आम्ही मामाच्या वाडीतले गळून पडलेले, आत काही न धरलेले बारा असोले, म्हणजे न सोललेले, नारळ आणले होते, लाल ऑइलपेंट मारून, नंबर घालून. असोला नारळ निम्म्याहून जास्त बुडून तरंगतो, म्हणजे वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त जातो. भरती पूर्ण भरून पाणी थबकलं तेव्हा गोवळकोटच्या धक्क्यासमोर मधल्या पात्रात एकेक सोडला. तात्या बघत होते. "सुकती लागली का जातील खाली," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "आनी भरती लागली का येतील वर. तुमी काय नवीन शोध लावताय बाय?" मी म्हटलं तात्या, नवीन नाही, मला बघायचंय फक्त.

सुकती लागली. नारळ आधी जागच्या जागी गोल फिरले, मग एकामागोमाग निघाले, पालखीच्या मागे माणसं निघतात तसे. इंजिन बंद करून आम्ही पण त्यांच्यासोबत वाहत राहिलो. कालुस्तं मागे पडलं. दोन्ही काठाला कांदळवन सुरू झालं, तिवरं, कांदळाची ती कमानीसारखी मुळं, आणि चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० मध्ये आपल्या राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. पाणी खाली गेलं तशी मुळं उघडी पडत गेली, आणि प्रत्येक मुळावर भरतीच्या रेषेपर्यंत काही ना काही अडकलेलं, दुधाच्या पिशव्या, डायपर, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, चपला. एका चिखलाच्या उतारावर मगर पडली होती, तोंड उघडं टाकून, दहा फुटांची तरी असेल, आणि तिच्या शेपटीजवळ थर्माकोलचा तुकडा. वाशिष्ठीच्या मगरी बघायला आता लांबून लोक येतात.

मध्ये एके ठिकाणी मैत्रिणीने दगड बांधलेली बाटली खाली सोडली, बुचाला वेगळी दोरी, तळाशी गेल्यावर ती ओढायची. वरचं पाणी चाखलं तर मचूळ. तळाचं चाखलं तर मीठ! पेनने तर आकडा दाखवायचंच सोडलं, ते ९९९० च्या पुढे जातच नाही. एकाच ठिकाणी वर नदी आणि खाली समुद्र. खारं पाणी जड म्हणून तळातून वर घुसतं आणि गोडं हलकं म्हणून त्याच्यावरून खाली सरकतं. ते वरचं हलकं पाणी म्हणजे बरंचसं आपलं अवजल. मार्च-एप्रिलात खाडीला खालच्या बाजूला हळूहळू का होईना ढकलणारं तेवढंच आहे. ज्या खाड्यांना वरून असं पाणी नाही त्यांचं उन्हाळ्यात काय होत असेल?

पुढे एका बाजूच्या नाल्याचं तोंड आलं. तात्यांनी नाकाला गमछा लावला. वास वेगळाच, गटाराचा नाही, औषधाच्या दुकानात बाटली फुटल्यासारखा, घशात बसणारा. वर डोंगरापलीकडे केमिकलच्या कंपन्या आहेत. मी कोणाचं नाव घेत नाही कारण हे पाणी कुठून निघालं ते मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण साका बघितला. पांढरा. तात्या म्हणाले, "पयला पाऊस पडला ना का मासं पांढरं पोट करून येतात वर. दर वर्षी. तक्रार केली का मानसं येतात, बाटली भरून नेतात, तोवर चार भरत्या होऊन जातात." त्यांच्या वडिलांच्या वेळी इथे एका पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, रेणव्या, पालू, शेंगट्या, बोयटं, घरात खाऊन बाजारात जायचे. आता मुलगा मुंबईला वॉचमन आहे. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नारळांकडे बघत होते.

दोनच्या सुमाराला करंबवण्याच्या अलीकडे नारळ थांबले. अगदी थांबले. पाणी आरशासारखं. भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. मग नंबर ७ ने हळूच दिशा बदलली. मला अंगावर काटा आला, खरंच सांगते. सकाळपासून जे जे मागे टाकलं ते सगळं उलट्या क्रमाने परत, तोच नाला, तोच वास, आता त्याचंच पाणी आमच्यासोबत चिपळूणच्या दिशेने. दुपारचा वारा पण समुद्राकडून होता, त्याची मदत झाली असेल, ते मान्य. पण अंधार पडेपर्यंत बारापैकी आठ नारळ कालुस्त्याच्या आसपास परत आले होते, दोन कांदळात अडकले, दोन दिसले नाहीत. सकाळी जिथून निघालो तिथून थोडेसेच खाली. अख्ख्या दिवसाची कमाई तेवढी.

आपण समजतो नदीत टाकलं म्हणजे गेलं. खाडीत काही जात नाही हो. गेलं म्हणतो ते सहा तासांनी दारात असतं, आणि मग पुन्हा जातं, पुन्हा येतं, पावसाळ्याचा लोंढा येईपर्यंत हेच.

दिवस चौथा : दाभोळ, आणि विहीर

दाभोळला गाडीने गेलो. फेरीबोटीतून धोपाव्याला जाऊन परत आलो, मध्ये खाडीचं रुंद तोंड, समोर अंजनवेलची बाजू, वारा. मुख स्वच्छ वाटलं, साका पण चांगला तपकिरी. इथे रोजचं समुद्राचं पाणी येऊन धुऊन नेतं. नारळ शोधले, एकही नव्हता.

सुकतीला खडकावर तीन बायका कालवं काढत होत्या. एकीच्या बाजूला बसले. लोखंडी टोकाने शिंपल्याची फट शोधायची, एक टिचकी, आणि आतलं करडं मऊ कालव पाण्यासकट डब्यात. सकाळपासून अर्धा डबा. कालव पाणी गाळून गाळून त्यातलं खातं, म्हणजे त्या पाण्यात जे असेल ते, जंतू असो की धातू, त्याच्या अंगात साठत जातं. हे मला माहीत होतं आणि ती मला म्हणत होती, "घेऊन जा गो, ताजी हायत." मी घेतली. नीट शिजवून खाल्ली. तिला काय सांगणार होते, ती जे काढते त्यात तिचा काडीचा दोष नाही.

संध्याकाळी मामाकडे. दोन्ही बाटल्या काळ्या.

मामाला अंगणात बसवून तिन्ही दाखवल्या आणि शेजारी तिवऱ्याच्या पऱ्याची ठेवली, तिचा रंग तसाच होता. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "संडासाची टाकी तर वर चढाला आहे. आठ वर्षं झाली बांधून." तेच तर. जांभा म्हणजे स्पंज, भोकंच भोकं, वर मुरलेलं पाणी उताराने विहिरीत येणारच, आणि टाकीला तळ पण घातलेला नाही, गवंड्याने सांगितलं होतं आपोआप जिरतं म्हणून. टाकी नि विहिरीत निदान १५ मीटर अंतर हवं आणि टाकी शक्यतो विहिरीच्या खालच्या अंगाला. मामी आतून म्हणाली, "म्हणून पोरांची पोटं पावसात बिघडतात काय." त्यावर कोणी काही बोललं नाही.

पुण्याला परत आल्यावर सहाव्या दिवशी तात्यांच्या नातवाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पागात आलेला लाल नारळ, नंबर ७, खाडीकाठच्या भिले गावाजवळ.

त्याच रात्री मामाचा फोन. टेप घेऊन मागच्या चढावर गेला होता, टाकीपासून विहिरीच्या काठापर्यंत ८ मीटर भरलं. "खालच्या अंगाला गोठ्याच्या बाजूला जागा आहे," म्हणाला, "पण तिथून पऱ्या जवळ आहे गो. पऱ्यापासून किती लांब पाहिजे ते सांग."